लाईन क्लिअर

आरतीला अजून अवकाश होता, तरी सरोजिनीबाई पुन्हा पुन्हा पदराला हात पुसत होत्या.

दत्तजयंतीला सोलापूरच्या रेल्वे कॉलनीत टेबलावर छोटी आगगाडी धावायची. इंजिन त्यांच्या यजमानांनी, सिग्नलखात्यातल्या यज्ञेश्वररावांनी, पत्र्यातून घडवलेलं. ते गेल्यापासून बाईच ती चालवायच्या. काळं बटण फिरवावं, रुळांतली वीज वाढावी, इंजिन धावावं. नवऱ्याच्या हातचं चालतंफिरतं असं तेवढंच उरलं होतं.

एकोणऐंशी साली जवळच्या वळसंग गावचा शिवयोगी बोटीवरच्या नोकरीतून आकड्यांच्या बटणांची पेटी घेऊन आला. तिच्या रुळांत वीज कायम भरलेली. आकडा दाबला की त्याच्या विलायती इंजिनालाच हुकूम कळायचा.

"आणि माझं इंजिन तिथं गेलं तर?"

"मोटर जळंल की, काकू! पर जातंय कशाला? निम्मं टेबल तुमचं, निम्मं माजं. मदल्या स्टेशनाला खटका हाय. तुमची गाडी आली की तुमची वीज, माजी आली की माजी."

"खटका फिरवायचा राहिला तर?"

"तुमी 'लाईन क्लिअर?' इचारा, खटका फिरवला की मी 'लाईन क्लिअर' सांगतो. लई भेताय बगा!"

उत्सवाला मंडप ठासून भरला. शिवयोगीची गाडी मधल्या स्टेशनातून नुकती निघाली होती. बाईंचं इंजिन स्टेशनाच्या अलीकडं थांबलं. बाईंनी विचारलं,

"लाईन क्लिअर?"

"लाईन क्लिअर!"

उत्तर आलं, पण मंडपभरातून! गार्ड, केबिनवाले, पॉइंट्समन, सगळ्यांची जन्माची सवय. कुणी विचारलं की तोंडातून निघणारच. "न्हाय, काकू, न्हाय!" हे शिवयोगीचं ओरडणं त्यात बुडालं. खटका अजून त्याच्याच बाजूला होता आणि बाईंचं बटण फिरलं होतं.

रुळांच्या सांध्यावर निळी ठिणगी उडाली. इंजिन पुढे जाऊन अडकलं आणि गांधीलमाशीसारखं घुमू लागलं. जळका वास आला.

"हात नगा लावू!"

बाईंनी ते उचललंसुद्धा. तळवा चांगलाच पोळला, पण सोडवेना.

म्हातारे गार्ड ईरप्पा पुटपुटले, "चुकलं आमचं, वहिनी."

बाईंनी इंजिन आपल्या रुळांवर ठेवलं. बटणावर बोटं ठेवली, पण ती फिरेनात.

"फिरवा की, काकू."

"आणि नाही चाललं तर?"

बाईंनी श्वास धरून बटण फिरवलं. चाकं थरथरली, थांबली... मग आजाऱ्यानं पाऊल टाकावं तशी हळूहळू निघाली.

बाईंनी दत्तापुढच्या तबकातली सुपारी उचलून शिवयोगीला दिली.

"आता ओरडाओरडी बंद. हे सांगायचे, एकेरी लाईनवर ड्रायव्हरच्या हातात परवानगीचा पितळी गोळा पडल्याखेरीज गाडी सुटत नाही. खटका फिरवलास की ही सुपारी माझ्या हातात ठेव. तोवर मी बटणाला शिवणार नाही."

पुढच्या फेरीला इंजिन सांध्याअलीकडं थांबलं. बाईंनी डोळे गच्च मिटून पोळलेला हात पुढे केला. शिवयोगीनं खटका फिरवला.

तळव्यावर सुपारी पडली, तेव्हाच त्यांनी डोळे उघडले.