रोज येणारी पोरगी

आमच्या वेळी अकरावी सायन्सला प्रवेश मिळवायचा म्हणजे परभणीच्या कॉलेजसमोर सकाळपासून ताटकळायचं. प्रवेश मिळालाच, तर प्राचार्य आधी दम भरायचे, ‘रोज यायचं. हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देणार नाही.’ ती दोन वर्षं अंगात ताप असला तरी मी गेलो.

दोन वर्षांपूर्वी भाचीच्या प्रवेशासाठी वालूरजवळच्या एका कॉलेजात गेलो, तर चक्क चहा आला. क्लार्कनं खुर्ची पुढं सरकवली.

‘क्लास कुठं लावलाय? लातूरला का नांदेडला?’

‘क्लास न्हाई लावला. ती इथंच शिकणार हाय.’

‘म्हंजे? रोज येणार?’

त्यानं कप खाली ठेवला आणि आम्हाला थेट प्राचार्यांसमोर नेऊन उभं केलं. कॉलेज कागदावर पोरांनी खच्चून भरलेलं होतं. नावं इथं, पोरं लातूरच्या क्लासमध्ये, असा सगळ्यांच्या सोयीचा कारभार होता. त्यात ही एक जिवंत पोरगी म्हणजे नसती भानगड.

‘कशाला तरास देता लेकराला?’ प्राचार्य मायेनं म्हणाले. ‘हजेरीचं आमी बघतो. तुमी प्रॅक्टिकलला तेवढं पाठवा.’

भाची म्हणाली, ‘सर, मला कृषीच्या डिग्रीला जायचंय. क्लासला जायला जमत न्हाई. मला इथंच शिकवा.’

पोरीला वळण लावलेलं नाही, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडं पाहिलं. पण प्रवेश दिला.

ती रोज जायला लागली. पहिल्याच दिवशी वर्गाची किल्ली सापडेना. शिपाई करवादला, ‘एकटीसाठी कुलूप काढायलोय मी.’ फिजिक्सचे सर आठवडाभर आले, रिकाम्या बाकांना पाहून शिकवलं आणि मग म्हणाले, ‘पोरी, मोबाइलवर बघ. माझ्यापेक्षा चांगलं सांगतेत.’ मी दोनदा जाऊन भांडलो. दोन्ही वेळा चहा मिळाला. भाची पंख्याखाली एकटी बसून पुस्तक वाचायची. बारावी पास झाली, पण फिजिक्समध्ये कसाबसा जीव वाचला आणि कृषीला काही नंबर लागला नाही.

पुढं कॉलेजनं गुणवंतांचा सत्कार ठेवला. फाटकावर हा मोठा बॅनर, ‘आमच्या मार्गदर्शनाचे यश’. गुलाबाची फुलं द्यायला भाचीला बोलावलं, कारण कॉलेजची माहिती असलेली विद्यार्थिनी दुसरी कोण होती? मी सोबत गेलो. एक गाडी थांबली. बॅनरवरच्या पहिल्या फोटोतली मुलगी खाली उतरली आणि भाचीला विचारू लागली, ‘ताई, हेच का कॉलेज? हॉल कुठाय?’

भाचीनं हॉल दाखवला, फूल हातात दिलं.

‘तू इथंच शिकलीस का?’

‘न्हाई,’ भाची म्हणाली, ‘मी नुसती रोज येत होते.’