जवाईबापूंची जागा

जवाईबापूंना चूक कबूल करायची भारी घाई असे. चूक कोणाची याची चौकशी सुरू व्हायच्या आत ते हात वर करून मोकळे. पंगतीत वरण खारट झालं, की आचारी काही बोलायच्या आधी हे म्हणत, "मीच म्हणलं होतं त्याले, थोडं मीठ वाढव." एकदा बाजारात कोणाची तरी मोटरसायकल मागून येऊन यांच्यावर धडकली. जवाईबापू रस्त्यावरून उठता उठता त्या पोराची माफी मागत होते. "मीच मधात आलो बावा. तुले लागलं त नाई?"

मी जुन्या ट्रॅक्टरांचे सौदे करतो. आमच्या धंद्यात इंजिन काळा धूर ओकत असलं तरी 'सकाळची थंडी आहे' म्हणायचं असतं. चूक पहिल्यांदा कबूल करील तो मेला. त्यामुळे हा माणूस मला पहिल्या भेटीतच खटकला.

ते पिंपळगाव राजाचे. विहिरीला बारमाही पाणी, दारात दोन ट्रॅक्टर, अंगाने भारदस्त. बायको आमच्या खामगावची, म्हणून सुधाकर न्हावी त्यांना जवाईबापू म्हणायचा, आणि त्याच्या दुकानातून ते नाव गावभर झालं. सासऱ्याच्या वयाची माणसंसुद्धा त्यांना जवाईबापूच म्हणत.

आमची ओळख झाली ती सुधाकरच्या दुकानातल्या गाण्याच्या मंडळात. मंडळ म्हणजे बारा बाप्ये आणि एक मॅडम. मॅडम शाळेतून निवृत्त झालेल्या संगीत शिक्षिका. तबला नाही, टाळ नाही, नुसत्या माणसांच्या आवाजांवर गाणं उभं करायचं, ही त्यांची हौस. काहीजणांनी मूळ चाल धरायची, काहींनी तिच्या वरून जायचं, काहींनी खालून, काहींनी मधल्या फटी भरायच्या. त्यांनी आसपासच्या खेड्यांतल्या म्हाताऱ्यांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या, आणि लेकीला सासरी धाडणाऱ्या आईची ती दुःखं त्या आम्हा मिशावाल्यांकडून गाऊन घेत. सोमवारी दुकान बंद असे. खुर्च्या भिंतीला सरकवायच्या आणि गायचं. चारी बाजूंनी आरसे, त्यामुळे कोण गातो आणि कोण नुसतं तोंड हलवतो ते लपत नसे.

माणसं सुधाकरनेच जमवलेली. वस्तऱ्याखाली जो गुणगुणला तो त्याने धरला. मीही तसाच सापडलो, गालाला फेस असताना. "गजूभाऊ, आवाज हाय तुमच्यात," तो म्हणाला. मला ते नवं नव्हतं. इंजिन सुरू केलं की कुठली पिस्टन रिंग गेली ते मी दहा पावलांवरून सांगतो. माझ्या कानाला आव्हान देणारा माणूस जिल्ह्यात नाही, असं मी तेव्हा मानत होतो.

मी मूळ चालीच्या रांगेत उभा राहत असे आणि माझ्या डाव्या हाताला जवाईबापू. शेजाऱ्याशेजाऱ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही, नाहीतर गाण्याला भोक पडतं, असा मॅडमचा नियम होता. जवाईबापू तो कधी मोडत नसत. ओवी लांबली, माझी छाती रिकामी व्हायला आली, की कोपराने हलकेच ढोसत. नंतर सांगत, "तुमी घ्या ना बिनधास्त श्वास, गजूशेठ. मी धरून हाय." मला त्या ढोसण्याचा राग यायचा. श्वास कधी घ्यायचा ते मला कळत नाही काय?

बिनवाद्याच्या गाण्याला एक रोग असतो. आधाराला काही नसल्यामुळे सगळे मिळून हळूहळू खाली सरकतात. उतारावर लावलेली ट्रॉली सरकते तशी, आत बसलेल्याला पत्ताच लागत नाही. मॅडमजवळ एक छोटी पेटी होती. लहान पोरांचे केस कापताना खुर्चीच्या हातांवर जी फळी टाकतात, त्या फळीवर ती ठेवलेली असे. सुरुवातीला पेटीवर एक सूर द्यायचा, मग पेटी बंद. गाणं संपलं की पुन्हा तोच सूर दाबून पाहायचा. आमचा सूर त्याच्या खाली गेलेला असला की मॅडम चष्मा काढत. "आज पुन्हा उतरलंय. कोण?"

जवाईबापूंचा हात वर. "मीच असन मॅडम. दुपारी जेवण अंमळ जास्त झालं."

पुढच्या सोमवारी पुन्हा. "मीच हो. नवी चप्पल चावून राह्यली, ध्यान तिकडं गेलं."

सगळे हसत. मॅडमही हसत. मी हसत नसे. दोन वर्षं मी त्या माणसाला बोललो. "जवाईबापू, तुमच्या आवाजाले जॅक लावा लागते," असं मी आरशात पाहून म्हणायचो, सगळ्यांना ऐकू जाईल असं. ते म्हणत, "लावा ना. जॅक त तुमच्याकडंच हाय." एकदा मी त्यांना पंक्चर टायर म्हणालो. तेव्हाही त्यांनी जाताना माझ्या गाडीत उकडलेल्या तुरीच्या शेंगांची पिशवी ठेवली. त्या शेंगा मी घरी बसून चवीने खाल्ल्या. 

नांदुऱ्याला एका शाळेच्या कार्यक्रमात आमचं गाणं होतं. आम्ही लेकीची पाठवणी गायलो, बाया डोळे पुसत होत्या. गाणं संपलं आणि शाळेच्या सरांनी मुलांच्या गाण्यासाठी पेटीवर नेमका आम्ही सुरुवातीला धरलेलाच सूर धरला. आमचा शेवटचा सूर अजून मांडवात होता. दोन्हींमधलं अंतर पोरांनाही कळलं. पुढच्या रांगेतली एक पोरगी खुदकन हसली.

परतीच्या गाडीत माझं डोकं फुटायची वेळ आली होती. पंधरा दिवसांवर अमरावतीची समूहगायनाची स्पर्धा होती. न्यायची गाडी माझी, डिझेल माझं. मी मॅडमना सगळ्यांसमोर म्हणालो, "अमरावतीले गाडी माझीच जाईन. पण जवाईबापू त्या गाडीत बसणार नाईत. ठरवा."

"गजूभाऊ, जरा दमानं," सुधाकर म्हणाला.

"दमानं कायचं बे? लेकरं हसले आपल्याले!"

मॅडम काही बोलायला गेल्या, तेवढ्यात मागच्या सीटवरून जवाईबापू म्हणाले, "बरोबर हाय त्यायचं. एका माणसापायी बाकीच्यायचं काऊन बिघडावं? मी नाई येत. मले फाट्यावर सोडा, पोरगा येते घ्यायले."

फाट्यावर ते उतरले. दार लावताना त्यांनी आत वाकून सगळ्यांना रामराम केला. मला वेगळा केला.

सौद्यात मी पहिली किंमत मुद्दाम अर्धी सांगतो. समोरचा चिडतो, उठून जातो, परत येतो, मग जमतं. समोरच्याने पहिल्याच बोलीला 'हो' म्हटलं, तर मला चैन पडत नाही. काहीतरी आहे जे त्याला माहीत आहे आणि मला नाही, एवढंच मनात घोळत राहतं. तो आख्खा आठवडा माझा असाच गेला. गिऱ्हाईक समोर बसलेलं असे आणि मला ते फाट्यावर उभे दिसत.

सोमवार आला. माझ्या डाव्या हाताची जागा रिकामी होती. मॅडमनी सूर दिला, आम्ही सुरू केलं. पहिली ओवी झाली, दुसरी झाली. तिसरीच्या मध्यावर काहीतरी फाटल्यासारखं झालं. दहा माणसं एकीकडे आणि एक आवाज एकीकडे. कोण बेसूर झाला ते पाहायला मी आरशात मान वळवली. आरशातली सगळी तोंडं बंद होती आणि सगळ्यांची नजर माझ्यावर होती.

मॅडमनी चष्मा काढला नाही. सरळ माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "गजाननराव, तुम्ही उतरता. तिसऱ्या ओवीपासून, दर वेळी. बापू तुमच्याबरोबर उतरत असत. दोघं उतरले की रांग उतरायची, आणि रांग उतरली की सगळे. ऐकणाऱ्याला गाणं एकसंध वाटायचं. नांदुऱ्यापर्यंत."

"तुमाले माहीत होतं?"

"आम्हा सगळ्यांनाच."

मी सुधाकरकडे पाहिलं. तो फडक्याने कोरडा आरसा पुसत होता. "कोन सांगन तुमाले, भाऊ? गिऱ्हाईकानं ट्रॅक्टरले नाव ठेवलं त तुमी त्याच्या अंगावर धावून जाता. आन बापूनंच मना केलं होतं. म्हणे, गजूशेठले गाण्यात लय सुख भेटते, त्यायले बोलू नका."

मी दुकानाबाहेर येऊन उभा राहिलो. शरम वाटली हे खरं, पण त्याच्याही आधी राग आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. मी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हरकी करून वर आलो. कोणाचं फुकटचं घेतलं नाही. घेतलं ते ठरवून, घासाघीस करून. आणि या माणसाने दोन वर्षं मला न विचारता, न सांगता काहीतरी देऊन ठेवलं होतं. मी शिव्या देत होतो आणि ते देत होते. असा व्यवहार असतो कुठे? मला एकदा विचारायला काय झालं होतं?

पुढे मंडळ अमरावतीला गेलं. गाडी माझीच होती. त्या गाडीत जवाईबापू नव्हते आणि मीही नव्हतो. पण त्याआधी मी पिंपळगावला जाऊन आलो, ती दुपार माझ्या डोक्यातून जात नाही.

ते ओसरीवर बसून तुरीचे सोले काढत होते. मला पाहून उठले, खुर्ची पुसली. वहिनी दारात आल्या. त्या खामगावच्या, म्हणजे मी त्यांच्या माहेरचा.

"या दादा. माहेरच्याच लोकायनं माह्या नवऱ्याले घरी बसवलं म्हंते. आता चहा मांडू का नोको?"

"मांड वं," जवाईबापू म्हणाले. "त्यायचा काय दोष? मीच—"

"तुमी चूप बसा," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी विचारलं, "मले सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं त आइकलं असतं?"

मी खुर्ची जरा पुढे ओढली.

"आन मले काय तरास होता, गजूशेठ? खाली यायले कोणती मेहनत लागते? तुमी एकटे खाली न बाकीचे वर, त लोकायले दोन गाणे आइकू येते. मी सोबत आलो त एकच."

"मंग चला आता. गाडी आणली हाय. अमरावतीले तुमीच पाहिजे."

"नाई जमत आता." त्यांनी मूठभर सोले सुपात टाकले. "आतालोक तुमाले माहीत नव्हतं, म्हून तुमी मोकळे गात होते. आता तुमी गासान कमी न माह्याकडं कान लावसान जास्त. हा उतरला काय, हा उतरला काय. अशानं दोघंही बुडतो."

मग मी मला जे येतं ते सुरू केलं. म्हणालो, तुम्ही रांगेच्या दुसऱ्या टोकाला उभे राहा. नको? बरं, मी मधल्या आवाजात जातो. तेही नको? मी नुसतं तोंड हलवतो, आवाज काढत नाही. तेही नको? मग मी मंडळच सोडतो, तुम्ही या. मी माझ्या बाजूने एकेक पायरी खाली येत होतो आणि समोरचा माणूस काही मागतच नव्हता. असा सौदा मी आयुष्यात केला नाही.

ते हसायला लागले. "गजूशेठ, कोणाले ट्रॅक्टर इकून राह्यले तुमी? मी रागावलो नाई हो. रागावलो असतो त तुमाले सोपं गेलं असतं."

चहा आला. प्यायलो. उठवत नव्हतं. शेवटी मी म्हणालो, "एकदा माह्यासंगं गा. इथंच. मले आइकू द्या, मी कुठं जातो ते."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं, हात धोतराला पुसले, आणि गुणगुणून सूर दिला.

आम्ही पाठवणी धरली. पहिली ओवी दोघांची एक झाली, ओसरीत एकच माणूस गातोय असं वाटावं इतकी. दुसरीही. ओवी लांबली तिथे मी श्वास घेतला आणि त्यांनी धरून ठेवलं. तिसरीत मी सगळा जीव कानात आणला. काही कळेना. मला तर मी जागेवरच आहे असं वाटत होतं. मग माझ्या डाव्या बाजूला, अगदी जवळ, एक बारीक फट पडली. फट वाढत गेली. त्यांचा आवाज होता तिथेच होता, सरळ, हलका. मी खाली जात होतो. मी वर चढायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, की आता येतील, आता येतील. ते समोर अंगणाकडे पाहत होते. या वेळी ते आले नाहीत.

मी थांबलो. त्यांनी ओवी पूर्ण केली, एकट्याने, घाई न करता.

आतून वहिनींनी विचारलं, "दादा, तुमी काऊन थांबले?"

जवाईबापूंचा हात वर गेला नाही. त्यांनी सूप पुढे ओढलं आणि थोड्या शेंगा माझ्याकडे सरकवल्या. मी सोलायला लागलो.