चावी अर्ध्यावर थांबली

माझ्या मुलीचं पहिलं बाळ पोटातच गेलं, तेव्हापासून गावदेवीपुढे माझे हात जोडले जायचे, पण मन काही जोडलं जात नव्हतं. दिवा लावून परत येताना रोज वाटायचं, ही खरंच ऐकते का? यंदा मुलीला पुन्हा दिवस गेले आणि ती बाळंतपणाला माहेरी आली. नववा महिना लागला तशी माझी झोप उडाली. देवीकडे एकच मागणं होतं, हिला सुखरूप सोडव. दुसरं काही सुचतच नव्हतं.

आमचं गाव खालापूरपासून बरंच आत. दवाखाना पनवेलला. अडीअडचणीला दारातली जुनी गाडी एवढाच आधार, आणि नेमकी तीच किंचाळायला लागली. यजमानांनी बॉनेट उघडून पाहिलं तर इंजिनाच्या चाकांवरून फिरणारा बेल्ट चिरा पडून पार विरला होता. यजमान साजगावच्या एका कारखान्यात फिटर आहेत आणि गावच्या भजनात पखवाज वाजवतात. "एवढ्यासाठी गॅरेज कशाला? मीच बसवतो," म्हणाले आणि खोपोलीहून नवा बेल्ट घेऊन आले.

सुट्टीच्या दिवशी सकाळी अंगणातच काम सुरू झालं. जुना बेल्ट निघाला, नवा चाकांवरून ओवला, बोल्ट आवळला. मग त्यांनी मला हाक मारली. "अगं, जरा गाडीत बस. मी 'मार' म्हटलं की चावी फिरव." मुलगी आत पडली होती. मी हात पुसत येऊन बसले. समोर उघडं बॉनेट, पलीकडचं काहीच दिसत नव्हतं. थोड्या वेळाने आवाज आला, "हां, बसला. मार!"

मी चावी फिरवली. समोरचे लाल दिवे लागले. आणखी जराशी पिळली असती तर इंजिन फिरलं असतं. तेवढ्यात माझ्या कानाशी कुणीतरी ओरडलं, "थांब गं बाय, थांब!"

माझा हात जागच्या जागी थिजला. आणि त्याच क्षणी बॉनेटमागून यजमानांचा आवाज आला, मी त्यांचा तसा आवाज कधी ऐकला नव्हता. "नको फिरवू! हात आत हाय माझा!"

मी उतरून पुढे गेले. 'मार' म्हणता म्हणता त्यांना बेल्टची कड खाचेबाहेर दिसली होती आणि काही कळायच्या आत हात आत गेला होता. चार बोटं बेल्ट आणि चाकाच्या मधे होती. त्यांनी ती हळूच बाहेर काढली आणि आपली नसावीत तशी बघत राहिले. यंत्राला हात लावायच्या आधी वीज तोडायची, हे कारखान्यात नव्या पोरांना यजमानच शिकवतात. मी खालीच बसले.

कुंपणाबाहेर, गाडीच्या खिडकीपासून हाताच्या अंतरावर, करवंदांची पाटी घेतलेली एक म्हातारी उभी होती. वरच्या वाडीतली असावी. मी कशीबशी उठून तिच्याकडे गेले. "आजी, तुम्हाला यांचा हात दिसला का हो?"

ती गोंधळली. "कसला हात? मी तुला नाय बोलले, बाय. ती माजी सून बघ कशी पुढं पळतेय. तिला हाक मारली."

रस्त्यावर खरंच एक बाई पाटी घेऊन थांबली होती. मी पुन्हा विचारलं, म्हातारीने पुन्हा तेच सांगितलं. मग माझा चेहरा पाहून तिने मूठभर करवंदं माझ्या ओंजळीत टाकली आणि ती चालायला लागली. तिला थांबवून बसवावं, पाणी द्यावं, हेसुद्धा मला सुचलं नाही.

आवाज ऐकून मुलगी बाहेर आली. "आई, काय झालं?" मी करवंदं तिच्या हातात दिली. यजमान ओट्यावर बसले होते. चहा दिला तर त्यांनी तो तसाच खाली ठेवला. संध्याकाळी त्यांनी आधी चावी खिशात टाकली, मग बेल्ट नीट बसवला, आणि गाडी स्वतः चालू केली. आवाज अगदी साफ होता. त्याच गाडीतून पुढल्या आठवड्यात आम्ही मुलीला पनवेलला नेलं. तिला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

तो धक्का मात्र अजून गेलेला नाही. भाजी चिरताना मधेच ती चार बोटं डोळ्यांपुढे येतात आणि अंगावर काटा येतो. ती हाक सुनेलाच होती, हे मला ठाऊक आहे. पण मी इतके दिवस एकच गोष्ट मागत होते, कारण मला एकच भीती दिसत होती. बॉनेटच्या पलीकडचं मला दिसत नव्हतं, मग ते मी मागणार कसं? ते न मागता मिळालं.

बाळाला घेऊन देवळात गेले, तेव्हा सवयीने हात जोडले. काय मागावं ते आठवेना. नुसतीच उभी राहिले. डोळे भरून आले, आणि मनात एवढंच आलं, तुला दिसतंय ना, मग बास.