लेबलावरचं वर्ष

एसीच्या दुकानात ती नऊ वर्षं गिऱ्हाइकांना वीजबचतीच्या स्टारचं लेबल समजावत आली आहे. घरात तिला कोणी विचारत नाही. सासऱ्यांच्या खोलीसाठी दिराने परस्पर दुसऱ्या दुकानातून जुन्या साठ्यातला एसी उचलला. एकदा बसवला की ते दुकानवाले परत घेणार नव्हते.

"वहिनी, तुमच्याकडे तीन स्टार, हा पाच!"

तिने मॉडेल नंबर पाहिला. "भावजी, आमच्याकडचं मशीन हेच आहे. नियम कडक झाले, म्हणून आता त्याला तीनच मिळतात. वीज तेवढीच खाणार. लेबलावरचं वर्ष तरी वाचा."

"म्हणजे दोन स्टार तुमच्या दुकानाने खाल्ले!"

सासरेही हसले. दिराने फिटरला भिंतीत भोक पाडायला सांगितलं. तिने धुळीसाठी पलंगावर जुनी चादर टाकली.