मोजे विणणारी बस ड्रायव्हर

क्रूझला गेलं तरी बंदरावर जहाजाच्या टूर घ्यायच्या नाहीत, हे आमच्या घरातलं मी घालून दिलेलं तत्त्व. बंदर आलं की उतरायचं, पायी निघायचं, पाय बोलायला लागले की गावची बस धरायची. बाल्टिकच्या क्रूझवर मी, बायको आणि लेक असेच फिरलो. टॅलिनच्या दगडी गल्ल्यांत बायकोच्या सँडलचा पट्टा तुटला. स्टॉकहोमला उलट्या दिशेच्या बसमध्ये बसून आम्ही एका अतिशय स्वच्छ बस डेपोचं दर्शन घेतलं. तरीही इकडे बुकित पंजांगला, आमच्या घरी परत आल्यावर मी असा काही सांगत सुटलो, की ऐकणाऱ्याला वाटावं, उत्तर युरोपची बससेवा माझ्याच देखरेखीखाली चालते.

त्यातला हुकमी किस्सा हेलसिंकीचा. खरं तर तिथे काहीच घडलं नव्हतं. बंदरावरून बस घेतली. ड्रायव्हर तरुण होता, तो एक शब्द बोलला नाही, आम्ही शहरात उतरलो. पण घरी आलेल्या पाहुण्यांना पोह्यांबरोबर एवढंच कसं वाढायचं? दुसऱ्यांदा सांगताना मी त्या तरुणाची बाई केली. मग कधीतरी तिच्या हातात सुया दिल्या. सिग्नल लागला की ती लाल लोकरीचा मोजा विणायची. दिवाळीपर्यंत तर ती शेवटच्या स्टॉपवर खाली उतरून, आम्हाला हाताला धरून चौकापर्यंत सोडायला लागली होती. मी इथवर आलो की बायको चहा बघायला आत जायची आणि लेक छताकडे बघायची.

सासू-सासरे दर वर्षी पुण्याहून आमच्याकडे राहायला येतात. सासरे निवृत्त मास्तर. इथे ते एकटे बिनधास्त फिरतात, पण फक्त एलआरटीने, म्हणजे आमच्या वस्तीला फेरी मारणाऱ्या छोट्या रेल्वेने. "ही गाडी गोल फिरते हो. चुकलं तरी माणूस घरीच येतो," असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली तेव्हा आम्ही त्यांना तीच क्रूझ भेट दिली. बायको म्हणाली, "निदान त्यांच्यासाठी तरी जहाजाच्या टूर बुक कर."

"झेंडेवाल्याच्या मागे मेंढरांसारखं फिरवायचंय का त्यांना?" मी म्हणालो.

सासूबाईंनी विचारलं, "पण भाषेचं काय? कुठे उतरायचं ते कोण सांगणार आम्हाला?"

"आई, ती ड्रायव्हर बाई आहे ना. तिला नुसतं 'मार्केट' म्हणा. ती सोडते बरोबर."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलं नाही.

ते जाऊन आले. "कसं झालं?" विचारलं की "मस्त, मस्त." पुढच्या मुक्कामात एका रविवारी शहराच्या दुसऱ्या टोकाहून, मरीन परेडहून, नवीन ओळखीचं एक जोडपं आलं. त्यांना तीच क्रूझ करायची होती. मी रुबाबात सासऱ्यांना पुढे केलं. "आता बाबांकडूनच ऐका. या वयात, टूर-बिर काही नाही!"

सासरे खाकरले. "त्यात काय एवढं. हेलसिंकीला उतरलो. बस आली. ड्रायव्हर बाई होती. सिग्नल लागला, की मोजा विणायची."

माझा चमचा बशीतच राहिला.

"लाल लोकरीचा," सासरे म्हणाले. शब्द माझे, आणि मधे थांबण्याच्या जागाही माझ्याच. "शेवटच्या स्टॉपला उतरली, आणि हिचा हात धरून चौकापर्यंत आली." सासूबाई खाली बघून बशीतली शेव गोळा करत होत्या.

अशी कुणी बाई जगात कधी नव्हतीच, हे त्या खोलीत मला, बायकोला आणि लेकीला माहीत होतं. सासरे ती खरी धरून चालले होते. म्हणजे ते त्या बसमध्ये बसलेच नव्हते.

"अय्या, फोटो दाखवा ना काका तिचा!" पाहुणी म्हणाली.

"फोटो... त्या दिवशी फोन जहाजावरच राहिला."

"आणि बाकीच्या गावांत?" पाहुणा हसला. "काका, उतरलात ना नक्की?"

थट्टाच होती. पण सासऱ्यांचे कान लाल झाले. आयुष्यभर पोरांच्या थापा पकडलेला माणूस, त्याला खोटं बोलायची सवय नव्हती. तेवढ्यात लेक सरसावली, "वेट, आजोबा, ती तर डॅडची..."

"तीच!" मी जवळजवळ ओरडलो. "तीच बाई! अजून त्याच रूटवर आहे म्हणजे! बघा, आम्हालाही तीच भेटली होती."

"हो, तीच," सासरे घाईने म्हणाले.

"सो मालू, लाह," लेक पुटपुटली. मालू म्हणजे इथल्या मलय बोलीत लाज. तिने ती कुणाला बहाल केली, ते विचारायची गरज नव्हती.

पाहुणे गेल्यावर सासरे म्हणाले, "जावईबापू, जरा खाली येता?" बिल्डिंगखालच्या मोकळ्या जागेत बाकं आहेत, तिथे बसलो.

"तुम्ही सांभाळून घेतलंत," ते म्हणाले. "आम्ही स्टॉपपर्यंत गेलो होतो हो. बस आली, दार उघडलं, आत पुरुष. ही म्हणाली, ती बाई नाही, पुढची घेऊ. पुढच्यातही पुरुष. मग एकीत बाई होती, पण हातात सुया दिसेनात. ही चढेना, आणि खरं सांगतो, माझाही धीर होईना. वारं बोचायला लागलं. परत जहाजावर जाऊन सूप प्यायलो. त्यानंतर कुठेच उतरलो नाही. तुम्ही एवढ्या हौसेने पाठवलंत. जावयाला कुठल्या तोंडाने सांगायचं?"

ते माझी माफी मागत होते. माझी! मला त्या बाकाखाली जागा असती तर मी तिथे गेलो असतो.

"बाबा, ती बाई नाहीये."

"रिटायर झाली?" त्यांनी आशेने विचारलं.

हो म्हणायचा मोह झाला. इतकी वर्षं नोकरीला ठेवलेल्या बाईला पेन्शन द्यायला मला कितीसा वेळ लागणार होता? "नव्हतीच कधी," मी म्हणालो. "मी रचली. पाहुण्यांना हसवायला."

ते माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता मास्तर कान धरतील. धरायला हवा होता.

"हिला सांगू नका," ते म्हणाले. "हिने तिच्यासाठी लोकर नेली होती. त्या बाईची संपली असेल तर, म्हणून. मनासारखा लाल मिळेना, तर लक्ष्मी रोडवर परत गेली होती. अजून ठेवलीय जपून."

आम्ही वर आलो. सासूबाई दारातच उभ्या होत्या. "एवढं काय बोलत होतात?"

"काही नाही," सासरे म्हणाले. "पुढच्या वेळी जहाजाची टूरच घेऊ, म्हणत होतो."

"अहो, टूरच्या बसमध्ये ती बाई कशी भेटणार?"

मी बूट काढायला वाकलो, तो बराच वेळ वर आलोच नाही.