गढूळ पाण्यातले कण

"मावशी, तीन वर्षांची सगळी मापं चुकली," असं म्हणून मीनल यंत्रासमोरच रडायला लागली. मी त्या प्रयोगशाळेत झाडलोट करायचे. म्हटलं, "आधी नाक पूस. काचेवर शिंकलीस तर तेही मोजेल ते."

नदीच्या वाहत्या गाळातले कण ती यंत्र नदीतच बुडवून लेसरने मोजायची. यंत्र बरोबर आहे का, हे तिने ठरावीक मापाचे बारीक मणी स्वच्छ पाण्यात टाकून तपासलं होतं. त्या दिवशी तेच मणी पाणी दुधासारखं होईपर्यंत टाकले, तर यंत्राने ते निम्म्या मापाचे दाखवले. दाट पाण्यात उजेड एका कणावरून दुसऱ्यावर आपटत जातो, म्हणून कण लहान भासतात, असं ती म्हणाली.

मी चौथी शिकलेली, पण हे मला लगेच पटलं. सासरी एका चुलीवर आम्ही अठरा माणसं. वेगळं बिऱ्हाड केलं तेव्हा नवरा म्हणाला, "तू एवढी बोलतेस हे माहीतच नव्हतं." मी काही वाढले नव्हते, गर्दी कमी झाली होती.

काचेच्या नळीत लाल उजेड धुक्यासारखा पसरला होता.

"पाणी पातळ करून मोज की," मी म्हटलं.

"नदी कशी पातळ करू, मावशी?" म्हणाली आणि रडता रडता हसली.

मग चिमूट चिमूट मणी वाढवत, किती दाट पाण्यात यंत्र किती चुकतं ते ती वहीत लिहीत गेली, म्हणजे जुनी मापं त्यावरून सुधारता येतील. वर्ष लागलं. त्याच यंत्रावर काम करणारी दोघं प्रयोगशाळा सोडून गेली. मीनल राहिली.