राजाच्या शेवटच्या चार ओळी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला का सांगतेय — ते विचारू नका, मलाही नीट ठाऊक नाही.

तळेगावला आमची हौशी नाटकमंडळी होती. मी शाळेत मराठी शिकवायचे आणि मंडळीत प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता, कुणी अडलं की हळूच वाक्य द्यायचं. सगळं जिथल्या तिथे असावं, हा माझा स्वभावच. जुनी नाटकं आवडायची तीही त्याचसाठी. राजा आपलं काम विसरतो, मग प्रधान पायरी सोडतो, भाऊ भावावर धावून जातो — नुसता गोंधळ. आणि शेवटी राजा भानावर येऊन चार ओळी बोलतो, की विस्कटलेली घडी परत बसते. तालमीत मी सगळ्यांना हेच ऐकवायचे, अगदी वर्गात ऐकवल्यासारखं.

आमचा राजा होता सोपान. शिरगावचा, शेतकऱ्याघरचा, कारखान्यात नोकरीला. आवाज काय होता त्याचा! पाठांतर मात्र कच्चं. म्हणून आमचं ठरलेलं — अडला की त्याने राजदंड दोनदा आपटायचा, मी वाक्य द्यायचं. प्रेक्षकांना वाटायचं, काय रुबाब आहे!

लोणावळ्याच्या प्रयोगात, वादळाच्या प्रवेशात, तो संहिता सोडून बोलला. स्वतःच्या बोलीत. "कुटं गेली रं माजी मानसं? हितं तर कुनीच न्हाई!" एवढंच. टाळ्या थांबेनात. आणि मी? ओळीवर बोट ठेवून बसलेले. जे माझ्या पानावर नव्हतंच, ते लोकांना सगळ्यात आवडलं होतं. राग आला का? आला. पण खरं सांगू — हेवा वाटला. इतकी वर्षं मी संहिता सांभाळली, माझ्यासाठी कधी कुणी टाळी वाजवली होती?

शेवटच्या चार ओळी आल्या. राजदंड दोनदा वाजला. वाक्य माझ्या जिभेवर होतं. पुन्हा वाजला. त्याने विंगेकडे पाहिलं — उत्तर अडलेली मुलं पाहतात तसं. मीही त्याच्याकडे पाहत राहिले, आणि तोंड उघडलं नाही. तो तसाच उभा. मागे कुणीतरी हसलं. पडदा पाडावा लागला.

नंतर तो माझ्याकडेच आला. "बाई, तुमी सांगितलं असंल. मलाच ऐकू आलं न्हाई."

"दोनदा सांगितलं, सोपान," मी म्हणाले.

मशीनच्या आवाजानं कान गेले, असं त्यानं ठरवूनच टाकलं. डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत. त्यानं डॉक्टरांवर विश्वास ठेवला नाही, माझ्यावर ठेवला. पुन्हा कधी स्टेजवर चढला नाही.

मी अजूनही नाटकं बघते. राजा बोलायला लागतो आणि मी सोपानचा आवाज शोधत बसते. तो नसतो. फार आठवण येते हो त्या आवाजाची. कधी भाजी निवडताना ते वादळातलं वाक्य मी स्वतःच म्हणून बघते — नाही जमत.

बेगडेवाडी स्टेशनवर तो अधूनमधून भेटतो. "बऱ्या हाय ना बाई?" म्हणतो, आणि उत्तरासाठी वाकून उजवा कान माझ्या तोंडाशी आणतो. त्याला सगळं ऐकू येतं, हे मला माहीत आहे. तरी मी मोठ्यानं बोलते.